बाकदार रेणू आणि डब्लिनची प्रयोगशाळा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात डब्लिन येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने यंदा पुन्हा आम्हांला व्याख्यानासाठी पाचारण केले, तेव्हा मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार यांपैकी एखादा विषय निघणार अशीच बहुतेकांची समजूत झाली असेल. त्या विषयांवर या व्यासपीठावरून आम्ही पुष्कळ बोललो आहोत आणि भाषण संपल्यावर गुलाबजामच्या पातेल्याभोवती त्याचा कितपत परिणाम झाला हेही पाहिले आहे. यंदा आम्ही वेगळा विषय मागून घेतला. वाकलेल्या आकाराच्या रेणूंपासून जे द्रव स्फटिक तयार होतात, त्यांचे संशोधन हा तो विषय. तो आमच्या व्यवसायातला नाही. आमचे शिक्षण नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले. पदार्थविज्ञानाशी असलेला संबंध बारावीनंतर सुटला तो सुटलाच. गेले दोन हिवाळे वाचन करून आणि जाणकारांना विचारून जेवढे उमगले, तेवढेच आपणांपुढे ठेवीत आहोत.

हा विषय आमच्यापर्यंत कसा आला ते आधी सांगणे प्राप्त आहे, कारण त्यात आमची एक चूक आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्यातीलच एका कुटुंबाचा आम्हांला जून महिन्याच्या अखेरीस दूरध्वनी आला. मुलीने लीव्हिंग सर्टिफिकेटची परीक्षा उत्तम दिली होती, वैद्यकीय प्रवेशाची एचपॅट परीक्षाही दिली होती. परंतु सीएओच्या अर्जात तिने पहिल्या क्रमांकावर पदार्थविज्ञान लिहिले होते. पसंतीक्रम बदलण्याची मुदत १ जुलै. "डॉक्टरसाहेब, तुमचा शब्द ती मोडणार नाही," असे तिचे वडील म्हणाले. आम्ही गेलो. परदेशात नोकरीची शाश्वती, समाजात डॉक्टरांची गरज, आईवडिलांनी काढलेले कष्ट, सर्व काही सांगितले. मुलगी ऐकत राहिली आणि त्याच रात्री तिने क्रम बदलला. ऑगस्टमध्ये मेडिसिनचा प्रवेश मिळाला, पेढे वाटले गेले. एक वर्ष तिने कसेबसे काढले आणि अभ्यासक्रम सोडून पुन्हा पहिल्या वर्षापासून पदार्थविज्ञान सुरू केले. इथल्या नियमाप्रमाणे तेच वर्ष दुसऱ्यांदा करणाऱ्याची फी सरकार भरत नाही. ती घरातून भरावी लागली. आम्ही तिची समजूत काढायला, खरे तर माफी मागायला गेलो, तेव्हा तिने विचारले, "काका, इतक्या वर्षांत तुम्हांला न कळलेली एखादी गोष्ट निव्वळ कळून घ्यावी म्हणून तुम्ही कधी थांबलात का?" तिच्या अनुमतीनेच हे सांगत आहोत.

आम्हांला उत्तर देता आले नाही. मात्र घरी परतताना एक गोष्ट आठवली. मूत्रपिंडाच्या ज्या विकारात लघवीवाटे प्रथिने वाहून जातात आणि अंगावर सूज येते, त्या रुग्णाच्या लघवीचा थेंब ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारे गोल थेंब दिसतात आणि प्रत्येक थेंबात चार पाकळ्यांची फुली असते. तिला माल्टीज क्रॉस म्हणतात. विद्यार्थिदशेत ती आम्हांला दाखवली गेली, परीक्षेत विचारली गेली, आणि पुढे नोकरीत ती दिसली की 'आहे' एवढे लिहून आम्ही पुढच्या काचपट्टीकडे वळलो. थेंबात फुली का दिसते, हा प्रश्न तीस वर्षांत आम्हांला पडला नाही.

ते थेंब कोलेस्टेरॉलच्या संयुगांचे असतात आणि ते द्रव स्फटिक असतात. या शास्त्राचा जन्मच कोलेस्टेरॉलपासून झाला. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिख रायनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरिल बेंझोएट हा पदार्थ तापवत होता. १४५.५ अंश सेल्सिअसला तो वितळला, पण गढूळच राहिला, १७८.५ अंशांना गढूळपणा एकदम गेला आणि स्वच्छ द्रव झाला. एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू! रायनिट्झरने नमुने ओटो लेमान या जर्मन पदार्थविज्ञाकडे धाडले आणि मधली ती गढूळ अवस्था म्हणजे वाहणारा स्फटिक आहे हे त्याने ओळखले. द्रवासारखे वाहायचे, परंतु आतल्या रेणूंनी स्फटिकासारखी एक दिशा धरून राहायचे, असे त्याचे दुहेरी वर्तन. पुढे ८० वर्षे बहुतेकांना ही एक गंमत वाटली. १९७० च्या सुमारास बाझलच्या हॉफमन-ला रोश कंपनीत, म्हणजे ज्या कंपनीच्या व्हॅलियमच्या गोळ्या आमच्या पिढीने ढिगाने लिहून दिल्या तिथेच, शाट आणि हेलफ्रिख यांनी या पदार्थाचा आजच्या पडद्यांना आधारभूत ठरलेला प्रयोग केला. १९७३ साली इंग्लंडमधील हल येथे जॉर्ज ग्रे यांनी खोलीच्या तापमानाला टिकणारे रेणू दिले. आपल्यापैकी अनेकांच्या हातातले पहिले कॅल्क्युलेटर आणि आकड्यांचे घड्याळ त्यांतून आले.

त्या सर्व रेणूंत एक साम्य होते. ते सरळ होते, काडेपेटीतल्या काड्यांसारखे. काड्या एका दिशेने लागलेल्या असतात, पण कोणाचे गुल वर आणि कोणाचे खाली याला नियम नसतो. रेणूच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण भार असला, तरी निम्मे इकडे व निम्मे तिकडे असल्यामुळे बेरीज शून्य होते. शिवाय काडी स्वतःभोवती कशीही फिरू शकते. हे ध्यानात ठेवावे.

आता या काडीला मध्यभागी वाक दिला तर? हा वाक कोठून येतो ते सांगण्यासाठी एका आयरिश कन्येचे नाव घ्यावे लागेल. कॅथलीन लॉन्सडेल यांचा जन्म १९०३ साली किल्डेअर परगण्यातील न्यूब्रिज येथला. लहानपणीच कुटुंब इंग्लंडला गेले. १९२९ साली लीड्स येथे क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी सिद्ध केले की, बेंझिनचे सहा कोनांचे कडे सपाट असते. १९४५ साली रॉयल सोसायटीने ज्या दोन स्त्रियांना प्रथमच सदस्यत्व दिले, त्यांतील त्या एक. न्यूब्रिजमध्ये राहणाऱ्या आपल्या परिचारिका भगिनींनी हे नाव मुलांना अवश्य सांगावे. या सपाट षट्कोनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना दोन लांब हात जोडले, तर रेणू सरळ होतो. एक कोपरा मध्ये सोडून जोडले, तर दोन हातांमध्ये १२० अंशांचा कोन होतो आणि रेणू विळ्यासारखा वाकतो. असे दोन कोपरे मोकळे असलेला पदार्थ म्हणजे रिसॉर्सिनॉल. त्वचारोगाच्या मलमांत तो आम्ही वर्षानुवर्षे लिहीत आलो!

असे बाकदार रेणू प्रथम तयार झाले ते जर्मनीतील हाले विद्यापीठात. डानिएल फोरलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १९३२ साली त्यांच्यावर निबंध लिहिला. रेणू जितका सरळ, तितका द्रव स्फटिक चांगला, असे त्याचे मत होते आणि बाकदार रेणूंनी ते पक्केच केले. त्यांच्यापासून चांगले द्रव स्फटिक होत नाहीत असा निर्वाळा मिळाला. बाटल्यांवर चिठ्ठ्या लागल्या, बाटल्या कपाटात गेल्या, आणि जगभरचे रसायनशास्त्रज्ञ सरळ काड्या बनवत राहिले. ही उपेक्षा ६४ वर्षे टिकली.

मधल्या काळात आकाराचा प्रश्न निराळ्या दिशेने उघडला तो भारतात. शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे सर सी. व्ही. रामन यांचे भाचे. त्यांनी १९५१ साली एम.एस्सी. केले ते नागपूर विद्यापीठातून. बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी, सदाशिव आणि सुरेश या सहकाऱ्यांसह, १९७७ साली दाखवून दिले की चकतीच्या आकाराचे रेणूही द्रव स्फटिक बनवतात. त्या रेणूच्या मध्यभागी लॉन्सडेल यांचेच षट्कोनी कडे होते आणि त्याला सहा हात होते. त्या चकत्या भाकरीच्या चवडीसारख्या एकीवर एक रचल्या जातात. नागपुरात पाच वर्षे राहून, त्याच विद्यापीठाची पदवी घेऊन, हे नाव आम्ही कधी ऐकले नव्हते. ते ऐकण्यासाठी डब्लिनला यावे लागले, ही आमचीच उणीव.

१९९६ साली तोक्यो येथे निओरी, वातानाबे, ताकेझोए प्रभृतींनी बाकदार रेणूंचा द्रव स्फटिक पुन्हा घेतला आणि त्याला विद्युत्दाब लावून पाहिला. जे दिसले ते समजण्यासाठी आपण केळ्यांची फणी डोळ्यांपुढे आणू. पेटीत काकड्या भरताना त्या कशाही फिरवल्या तरी चालतात. केळी नीट भरायची, तर सर्वांचा बाक एकाच बाजूला ठेवावा लागतो; एक केळे उलटे घातले की जागा वाया जाते. बाकदार रेणूही थरात असेच बसतात. मग त्यांना स्वतःभोवती मोकळेपणी फिरता येत नाही आणि सर्वांचा भार एकाच दिशेला झुकतो. जी बेरीज काड्यांत शून्य होत होती ती इथे शून्य होत नाही. विद्युत्क्षेत्राची दिशा उलटी केली की सारी फणी एकदम उलटी वळते.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत बोल्डर येथे लिंक, क्लार्क, वॉल्बा आणि सहकाऱ्यांनी याहून नवलाची गोष्ट उकलली. थरातले हे रेणू नुसते एका बाजूला वळलेले नसतात, तर ते तिरकेही झालेले असतात. आता बालमित्रांनी उजवा हात वर करावा. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट एकमेकांशी काटकोनात धरा. अंगठा म्हणजे थराची उभी दिशा, तर्जनी म्हणजे रेणू ज्या बाजूला कलले ती दिशा, मधले बोट म्हणजे बाकाची दिशा. आता डाव्या हाताची बोटे तशीच धरा. अंगठा व तर्जनी जुळवलीत तर मधले बोट उलट्या बाजूला जाते. काही केले तरी दोन्ही हात एकमेकांवर बसत नाहीत. म्हणजे रेणूंचा प्रत्येक थर एक तर उजवा असतो नाही तर डावा. सुटा रेणू मात्र उजवाही नसतो आणि डावाही नसतो. आरशातल्या प्रतिमेशी तो तंतोतंत जुळतो. जो गुण एकाही रेणूत नाही, तो रेणू एकत्र बसताच उत्पन्न होतो. संपूर्ण नमुन्यात मात्र काही भाग उजवा आणि काही भाग डावा असे वाटप असते, त्यामुळे निसर्गाचा हिशेब चुकत नाही.

या उजवे-डावेपणाला इंग्रजीत 'कायरॅलिटी' म्हणतात. हातासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून तो लॉर्ड केल्व्हिन यांनी घडवला आणि १८९३ साली ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात मांडला. केल्व्हिन यांचा जन्म १८२४ साली बेलफास्टमध्ये झाला, म्हणजे शब्दही याच बेटावरच्या माणसाचा. आम्हां डॉक्टरांना हा शब्द शिकवला तो थॅलिडोमाइडने. त्या औषधाच्या रेणूची उजवी आणि डावी अशी दोन रूपे. गर्भाच्या विकृतीचा दोष त्यांपैकी एकाकडे जातो असे सांगितले जाते. पण दोन रूपे वेगळी करून दिली असती तरी उपयोग झाला नसता, कारण शरीरात एकाचे दुसरे होते. १९६१ च्या अखेरीस जर्मनीत ते मागे घेतले गेले. त्याचे आघात सोसलेली माणसे आयर्लंडमध्ये आजही आहेत.

येथे थोडे विषयांतर करतो, पण ते विदर्भातून आलेल्या कुटुंबांच्या हिताचे आहे. रेणूत किंचित फरक पडला की समूहाचे वागणे पालटते, याचे उदाहरण आपल्या रक्तातच आहे. सिकल सेल आजारात हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच फरक. प्राणवायू कमी झाला की हे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे करतात, दोरे समांतर लागतात आणि लाल पेशी विळ्यासारखी होते. १९५० साली हॅरिस या संशोधकाने अशा हिमोग्लोबिनच्या द्रावणात ध्रुवित प्रकाशात चमकणाऱ्या चात्या पाहिल्या. तो द्रव स्फटिकच. मध्य भारतातील या आजाराच्या वाहकांविषयीचा निबंध नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये छापला. आपल्या अनेक घरांत हा दोष आहे. लग्न ठरवण्यापूर्वी दोघांची रक्ततपासणी करावी आणि शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना तो सांगावा. इथल्या रुग्णालयात भारतीय चेहरा पाहून कोणी आपणहून विचारीलच असे नाही.

आता डब्लिन. नॅसाऊ स्ट्रीटवर बसची वाट पाहताना पाठीशी ट्रिनिटी कॉलेजची भिंत असते. त्या भिंतीपलीकडे, विद्युत् अभियांत्रिकी विभागात, प्रा. जगदीश के. विज यांच्या गटाने अनेक वर्षे द्रव स्फटिकांचे मापन केले. आडनाव ऐकून पंजाबची आठवण यावी असे हे गृहस्थ. या विभागात विद्युत्रोधक पदार्थांच्या अभ्यासाची परंपरा प्रा. ब्रेंडन स्केफ यांच्यापासूनची. पद्धत साधारण अशी. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये, केसाच्या जाडीहूनही कमी फटीत पदार्थ भरायचा, त्याला आलटता विद्युत्दाब लावायचा आणि आलटण्याचा वेग कमीअधिक करीत रेणू कितपत साथ देतात ते मोजायचे. छातीवर बोटाने ठोकून आत पाणी साचले आहे की हवा आहे हे आम्ही आवाजावरून ताडतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त कान फार तीक्ष्ण. रेणू घडवणारे रसायनशास्त्रज्ञ बहुधा दुसऱ्या देशात असतात. नमुना टपालाने येतो.

या गटाची जी कामे आम्हांला थोडीफार समजली, त्यांतील पहिले २००४ सालचे. नेहमीच्या द्रव स्फटिकाला प्रकाशाच्या दृष्टीने एक अक्ष असतो, पेन्सिलीसारखा. फळीला लांबी, रुंदी, जाडी अशा तीन वेगळ्या दिशा असतात. तसा दोन अक्षांचा द्रव स्फटिक असू शकेल असे फ्रायझर यांनी १९७० साली मांडले होते. तो सापडला तर पडदे पुष्कळ वेगाने बदलतील अशी आशा होती. २००४ साली तीन निबंध आले. दोन अमेरिकेतून, बाकदार रेणूंविषयी. तिसरा विज यांच्या गटाचा, पोलंड व अन्य ठिकाणच्या सहकाऱ्यांसह, चार हातांच्या रेणूंविषयी. ट्रिनिटीला दोन अक्षांचे अप्रूप जुने आहे. दोन अक्षांच्या स्फटिकातून प्रकाश शंकूच्या आकारात पसरेल असे भाकीत १८३२ साली विल्यम रोवन हॅमिल्टन यांनी निव्वळ गणिताने केले आणि त्याच वर्षी हंफ्री लॉइड यांनी अरागोनाइटच्या खड्यातून तो शंकू प्रत्यक्ष दाखवला. ब्रूमब्रिजला, लुअसच्या हिरव्या मार्गाच्या टोकाशी, हॅमिल्टन यांच्या १८४३ च्या समीकरणाची पाटी आहे. ती आपण पाहिली असेल. हा शंकू त्याआधीचा.

बाकदार रेणूंतील दोन अक्षांचे पुढे काय झाले? क्ष-किरणांच्या ज्या खुणांवरून दावा केला गेला, त्या खुणा द्रवात तरंगणाऱ्या, तिरक्या थरांच्या लहान लहान पुंजक्यांमुळेही उमटू शकतात असे इतरांनी दाखवले. वाद आजही मिटलेला नाही. आम्हांला या प्रकरणात लाजिरवाणे असे काही वाटत नाही. ज्यांनी शंका काढली त्यांनीही पुरावा मोजूनच काढली, आणि पुंजक्यांचा अभ्यास त्या शंकेतूनच वाढला. आमच्या क्षेत्रात एखादे औषध निरुपयोगी ठरल्यावरही दहा-दहा वर्षे लिहिले जाते.

दुसरे काम २०१० सालचे, आणि आमच्या मते सर्वांत सुंदर. इथला रेणू किंचित निराळा होता. ग्रे यांच्या धाटणीच्या दोन काड्या कार्बनच्या लवचीक साखळीने जोडलेल्या. साखळीतील कार्बन सम असले तर जोडी सरळ राहते, विषम असले तर वाकते. अशा विषम जोड्या हल येथील प्रा. मेल यांच्याकडून आल्या. पानोव, नागराज, विज आणि पानारिन यांनी तो पदार्थ काचांमध्ये हळूहळू थंड केला. एका तापमानाला नेहमीची अवस्था संपली आणि खाली आणखी एक, वरकरणी तशीच दिसणारी अवस्था सुरू झाली. त्याच क्षणी, कोणताही विद्युत्दाब नसताना, सूक्ष्मदर्शकात समांतर पट्टे उमटले. पट्ट्यांची रुंदी काचांमधील अंतराशी बांधलेली होती. सामान्य द्रव स्फटिक विरूप केला की पूर्ववत होऊ पाहतो. हा मात्र आपणहून विरूप होत होता. हिशेब जुळवण्यासाठी त्याचा एक लवचीकता-अंक ऋण धरावा लागला. छापताना निश्चितच धाकधूक झाली असेल.

वाकलेले रेणू एका दिशेला लागताना मळसूत्रासारखे वळत जातील, अशी कल्पना रॉबर्ट मायर यांनी १९७० च्या दशकात आणि डोझोव्ह यांनी २००१ साली मांडली होती. ते मळसूत्र प्रत्यक्ष दिसले ते २०१३ साली. अमेरिकेतील केंट येथील लाव्हरेंटोविच यांच्यासह झालेल्या त्या कामात डब्लिनचे पानोव व विज सहभागी होते. बोल्डरच्या गटाचा निबंधही त्याच वर्षीचा. पदार्थ एकाएकी गोठवून, त्याचा तुकडा मोडून, मोडलेला पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिला. बायोप्सीच म्हणा. मळसूत्राचा एक फेरा सुमारे ८ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा सव्वा लाखावा भाग. काही फेरे उजवे, काही डावे. रेणू मात्र दोन्ही नव्हे. या अवस्थेला दिलेले नाव योग्य की अयोग्य यावर विद्वानांत अजून खडाजंगी चालते.

तिसरे काम थोडक्यात सांगतो. २०११ साली डब्लिनच्या गटाने एकाच बाकदार पदार्थात, तापमान उतरवताना, थरांच्या चार वेगवेगळ्या अवस्था एकामागून एक ओळखल्या. तो पदार्थ ज्यांच्याकडून आला ते प्रा. चिअर्स्के हाले विद्यापीठाचे. फोरलेंडरचेच हाले. तिथल्याच पेल्झल आणि सहकाऱ्यांनी २००१ साली फोरलेंडरचा एक मूळ पदार्थ पुन्हा तपासला होता आणि त्यात केळ्याच्या आकाराच्या रेणूंची एक अवस्था निघाली होती. जे चांगले नाही म्हणून १९३२ साली बाजूला ठेवले, ते तिथेच होते. २०१४ साली या शास्त्राची पंचविसावी आंतरराष्ट्रीय परिषद ट्रिनिटीत भरली. त्या आठवड्यात आम्ही डब्लिनमध्येच होतो आणि आमच्या स्मरणाप्रमाणे नव्या गाडीची चौकशी करीत फिरत होतो.

याचा उपयोग काय, हा प्रश्न आपल्या मनात आला असेलच; आमच्याही आला. बाकदार रेणूंचा दूरदर्शनसंच दुकानात मिळत नाही. आपल्या खिशातले पडदे आजही सरळ काड्यांवर किंवा अन्य तंत्रावर चालतात. नीना गावाजवळ जन्मलेले, टिपरेरीचे सुपुत्र जे. डी. बर्नाल यांनी १९३६ साली सहकाऱ्यांसह तंबाखूच्या रोगाच्या विषाणूचा द्रव स्फटिक तपासला, तेव्हाही त्यातून विकण्याजोगे काही निघाले नाही. विषाणू काडीसारखा असतो हे कळले. रायनिट्झरपासून कॅल्क्युलेटरपर्यंत ८० वर्षे गेली. तोक्योच्या निबंधाला अजून तेवढी झालेली नाहीत. आणि कधीच काही विकले गेले नाही, तरी केळ्यांच्या फणीत उजवे-डावेपण कोठून येते हे कळले आहेच.

आम्ही ज्या काळात घराबाहेर पडलो, त्या काळात पहिल्या पिढीच्या पदवीधराला थांबण्याची मुभा नव्हती. वडिलांची गिरणी बंद पडलेली, धाकट्या भावंडांची शिक्षणे राहिलेली. जे शिकलो ते महिनाअखेरीस पैसे देणारे असावे लागे. त्याबद्दल खंत नाही. परंतु तीच घाई आम्ही या मुलांच्या अर्जावर लिहायला गेलो, आणि ती घाई त्यांची नव्हती.

ती मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. आजचा ध्वनिक्षेपक तीच सांभाळत आहे आणि आम्ही वेळ ओलांडली आहे अशी खूण मघापासून करीत आहे. चहाच्या टेबलाशेजारी तिने एक जुना कॅल्क्युलेटर, ध्रुवित काचांचे दोन चष्मे आणि एक सूक्ष्मदर्शक मांडून ठेवला आहे. चष्मा डोळ्यांपुढे धरून कॅल्क्युलेटर हळूहळू फिरवला की आकडे नाहीसे होतात आणि परत येतात. सूक्ष्मदर्शकाखाली कोलेस्टेरॉलच्या संयुगाचा थेंब आहे. त्यात ती चार पाकळ्यांची फुली दिसते. ती का दिसते ते तिलाच विचारावे, आमच्यापेक्षा ती नीट सांगते. मुलांना आधी पाहू द्यावे. काचपट्टी कृपया हाताने सरकवू नये.

जयभीम.